विसर्ग

महावितरणच्या बिलाच्या पाठीवर
मी पहिली चौकट काढली. आत लिहिलं सर्व्हर.
बाजूला वॅट. वॅट गुणिले चोवीस, गुणिले तीस,
आणि उत्तराखाली दोन रेघा,
एक्स्चेंजात पाळी संपताना लॉगबुकात मारायचो तशा.

मशीन केतकीचं जुनंच, कॉलेजच्या वेळचं.
पंखा बदलला तर अजून दहा वर्षं कुठे जात नाही.
डिस्क मात्र नव्या. तापकीर गल्लीतला मुनोत म्हणाला,
"काकू, चार टेराची एकच घ्या, पुरून उरेल."
म्हटलं, एक म्हणजे शून्य. दोन म्हणजे एक.
तो कॅल्क्युलेटरकडे बघत राहिला.

मग जागेचा प्रश्न.
माळ्यावर बारा महिने उन्हाळा राहतो.
देवघराखालच्या कप्प्यात उदबत्तीची राख,
टीव्हीमागे आधीच तारांची भाऊबंदकी.
चपलांच्या रॅकचा वरचा खण मोकळा आहे,
वारा लागतो, राउटर हाताशी,
आणि येईल तो पाहुणा त्याच्यापुढे वाकेलच.

गुरुवार वेगळा धरायचा.
गुरुवारी आमच्या धायरीत लाइट जाते.
यूपीएस वीस मिनिटांचा बास,
त्याला नीट सांगून निजवण्यापुरता.
न सांगता झोपलेलं यंत्र
उठताना काहीतरी विसरून उठतं,
चोवीस वर्षांत एवढं तरी शिकले.

कामं पुष्कळ.
केतकीचे फोटो कुठल्या परदेशी गोदामात भाड्यानं राहतात,
ते घरी आणायचे.
सोसायटीचा हिशेब, कारण पारसनीस
आणि पारसनीसांचा लॅपटॉप
दोघंही हल्ली हाक मारली की उशिरानं उठतात.
टाकीत पाणी किती, ते गच्चीवर न चढता कळावं.
निमिषची कार्टून. माझी शब्दकोडी.
जाहिरातींसाठी एक चाळणी.

शेवटी वाटण्या.
कोणाला किती जीबी ते मांडलं, आणि विचारलं,
"तुम्हाला किती?"
"मला काय ठेवायचंय," हे पेपराआडून.
पान उलटलं. चहा संपला. कप विसळून पालथा घातला.
मग आतून ट्रंक ओढल्याचा आवाज.

एकतीस डायऱ्या.
आधी पाटबंधारे खात्याच्या, मग बँकेच्या,
रिटायर झाल्यावर कोपऱ्यावरच्या केमिस्टच्या.
रोज एक ओळ. खडकवासला, टक्के, विसर्ग.
'नऊ हजार क्युसेक. भिडे पूल बंद.'
'शून्य. कालवा चालू.'
'शून्य.'
'शून्य. केतकीचं विमान पहाटे चारला.'
आणि मला इतकी वर्षं वाटायचं
हे दुधाचे खाडे लिहितात.

मी तिथंच मोजलं.
सगळं टाइप केलं तर
एक एमबी होईल न होईल.
केतकीच्या लग्नातला एक फोटो,
ज्यात हे अर्धे खांबाआड आहेत,
तेवढ्या एकात
असली एकतीस वर्षं पाच वेळा मावतील.

"एवढंसंच?"
जरा हिरमुसले की काय, कळेना.
एवढंसंच. पण दोन्ही डिस्कवर.
आणि तिसरी प्रत साताऱ्याला वन्संकडे,
नदीपासून लांब, चढावर.

त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली,
चौकटीत एक टिंब दिलं, त्याच्याखाली दुसरं.
"या तुझ्या दोन चकत्या. अशाच ना, एकावर एक?"
मी म्हटलं, हो.
"मग नाव शोधायला नको."

अजून एक स्क्रूसुद्धा विकत आणलेला नाही.
रॅकच्या वरच्या खणात छत्र्याच आहेत.
पण दुपारी जेवणं झाली की
हे चष्मा पुसून वाचतात, मी बडवते.
पहिल्या डायरीतला जून संपत आलाय.
अजून शून्य.